तेरड्याचा रंग तीन दिवस, आपल्या पुरवणीत तीन तासही नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या फोटोंच्या पानावर माझा तेरड्याचा फोटो छापलात त्याबद्दल आधी आभार मानतो, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसता भांडायलाच बसलाय. पण साहेब, तो फोटो माझा राहिलाच नव्हता हो. सकाळी बायकोने पेपर समोर धरला आणि म्हणाली हा तुमचाच का, आणि मला खरंच मिनिटभर कळेना. खाली नाव माझं, फूल तेरड्याचं, पण रंग असा की जत्रेत म्हातारीचे केस विकतात ना काडीला गुंडाळून, तस्सा. मी पाठवलेल्या फोटोत फूल उजव्या कोपऱ्यात होतं आणि डावीकडे सगळं मोकळं, म्हणजे मोकळं नव्हे, मागची झाडं धूसर होऊन नुसता गुलाबी-राखाडी धूर झाला होता, तो तुमच्या डेस्कवरच्या कुणीतरी सरळ कापून टाकला. उरलेलं फूल मोठं केलं, शार्प केलं, रंग चढवला आणि खाली लिहिलं 'कास पठारावर उमललेले रानफूल'. आणि कास पण नाही ते, साताऱ्याहून कासला जाताना वाटेत यवतेश्वर लागतं, तिथल्या रस्त्याच्या कडेचं आहे!

तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपल्यात म्हणतात, तुमच्याकडे तो तीन तासही टिकला नाही.

हसण्यावारी नेलं असतं पण दर पावसाळ्यात हेच बघतोय, एकट्या माझ्या फोटोचं रडगाणं नाही हे. माझा साताऱ्यात छोटा स्टुडिओ आहे, ३४ वर्षं झाली, लग्नं, बारसी, पासपोर्ट, शाळेचे ग्रुप फोटो सगळं केलंय, रोल धुण्यापासून ते आता पेन ड्राइव्ह देण्यापर्यंत. फुलांचे फोटो हा माझा स्वतःचा नाद, त्यात पैसा नाही, म्हणून मन रमतं. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो, छापताना काटछाट करा, ती तर तुम्हाला जमतेच.

तो फोटो कसा काढला ते आधी सांगतो. गौरी यायच्या दोन दिवस आधीची सकाळ. आमच्या घरी गौर तेरड्याची, त्यामुळे दरवर्षी तेरडा आणायला त्या बाजूला जाणं होतंच. भुरभुर पाऊस येऊन गेलेला, आभाळ भरलेलं, ऊन अजिबात नाही, सावलीसुद्धा पडत नव्हती कशाची. रस्त्याच्या कडेला उतारावर तेरडा माजलेला. माझ्याकडे लांबचं जवळ आणणारी जुनी ८०-२०० ची लेन्स आहे, ती पूर्ण २०० वर नेली, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, ४ वर ठेवलं (आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि धूसर जास्त) आणि साधारण दोन मीटरवरून, म्हणजे डांबर न सोडता, एका फुलावर धरली. आता ह्या हिशोबात फोकसमध्ये किती येतं, तर जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचा पट्टा. बोटाच्या एका पेराएवढा. त्याच्या पुढचं धूसर, मागचं धूसर. तेरड्याच्या फुलाला मागे बारीक वाकडी शेपटी असते बघा, ती सुद्धा अर्धी धूसर झालेली. पुढच्या पाकळीची कड आणि तिच्यावरचे दोन थेंब तेवढे स्पष्ट. मागे आठ-दहा फुटांवर शेकडो फुलं होती, त्यांचे नुसते गोल गोल फिकट ठिपके झाले, एकात एक मिसळलेले, आणि त्यांच्यामागे गवताचा हिरवा पण भिजलेला, राखाडीकडे झुकलेला.

वारा होता थोडा, म्हणून चाळीसेक फ्रेम मारल्या तेव्हा एक मनासारखी आली. दोन सेंटीमीटरच्या पट्ट्यात फूल हललं की गेलं. वाऱ्यात दोन झुळकांच्या मधे एक क्षण असा येतो की फूल परत आपल्या जागेवर येऊन थांबतं, तिथे बटण दाबायचं. पाळण्यातलं बाळ हसायची वाट बघत बसतो ना बारशाच्या फोटोला, तेच काम.

ह्याला आमच्यात सिलेक्टिव्ह फोकस म्हणतात, गिऱ्हाईक म्हणतं 'मागचं उडवा'. आणि ह्यातलं अर्धं जग असं समजतं की फोटो नीट आला नाही. माझ्या मित्राला तोच फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्याचं उत्तर, हात हलला का रे? दुसरा म्हणाला फूल छान पण जागा किती वाया घालवलीस. तुमच्या डेस्कवरच्या मुलाने पण हेच मनात म्हटलं असणार, मी त्याला दोष देत नाही. आपल्याला फोटो म्हणजे सगळं दिसलं पाहिजे अशी सवय आहे. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या मामाचा कान दिसला नाही तर लग्नघरातून फोन येतो.

पण डोळा तसं बघत नाही साहेब. आत्ता हे पत्र वाचताय तर ह्या ओळीतले दोन-चार शब्दच स्पष्ट दिसतायत, टेबलावरचा चहाचा कप आहे हे माहीत आहे पण तो धूसर आहे, कपाकडे बघितलं की अक्षरं धूसर. डोळा सारखा फिरत राहतो म्हणून आपल्याला वाटतं सगळंच स्पष्ट आहे. पीटर हेन्री इमर्सन म्हणून एक इंग्रज होता, शिकलेला डॉक्टरकी आणि वेड फोटोचं, त्याने १८८९ साली हेच मांडलं होतं की डोळा जसा बघतो तसा फोटो काढा, मुख्य गोष्ट स्पष्ट आणि बाकीचं जरा मऊ. त्यावरून तेव्हा बरीच भांडणं झाली आणि गंमत म्हणजे पुढे त्याचं स्वतःचंच मत फिरलं. मग १९३२ ला अमेरिकेत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींनी बरोब्बर उलटं धरलं, जवळपासून लांबपर्यंत सगळं कडक स्पष्ट पाहिजे, आणि आपल्या ग्रुपला नावच दिलं एफ ६४, ॲपर्चरच्या आकड्यावरून. त्या कनिंगहॅम बाईंचे मॅग्नोलियाचे फोटो बघा, पाकळीन् पाकळी कोरल्यासारखी. मला आवडतात ते, खोटं कशाला बोलू. म्हणजे हा वाद सव्वाशे वर्षांचा आहे, तो आपण दोघांनी रविवारच्या पुरवणीत मिटवायला पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्याने धूसर काढलाय त्याचा धूसर छापा.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. सॉफ्ट फोकस वेगळा आणि सिलेक्टिव्ह फोकस वेगळा. आम्ही नव्वदच्या दशकात नवरीचे फोटो काढताना यूव्ही फिल्टरच्या कडेला बोटाने व्हॅसलिन लावायचो, मधे रुपयाएवढी जागा स्वच्छ ठेवायची, मग चेहऱ्याभोवती असा तुपकट उजेड पसरायचा की सासूबाई पण खूश. कुणी लेन्सवर बायकांचा नायलॉनचा मोजा ताणून बांधायचे. तो सॉफ्ट फोकस, त्यात सगळ्याच फोटोवर एक साय धरते. सिलेक्टिव्ह मध्ये तसं नाही, त्यात जिथे फोकस आहे तिथे सुईच्या टोकासारखं स्पष्ट पाहिजे, पाकळीवरची लव मोजता आली पाहिजे, आणि तिथून पुढे-मागे हळूहळू विरघळत गेलं पाहिजे. एक तरी जागा अशी पाहिजे जिथे डोळा टेकेल. ती नसेल तर मग मित्र म्हणतो ते खरं, हात हलला.

ती जागा कुठली धरायची ह्यात सगळी गंमत आहे आणि ते कुठलंही मशीन सांगत नाही. जास्वंदीचं उदाहरण घ्या, ती तर दारात असते. तिचा तो मधला दांडा बाहेर आलेला, टोकाला पाच लाल बोंडं आणि खाली पिवळे परागकण. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो बहुतेक वेळा मधल्या पाकळीवर फोकस धरतो आणि जे सगळ्यात पुढे आलंय तेच धूसर. मी फोकस हाताने त्या पाच बोंडांवर नेतो, पाकळ्यांचा मागे नुसता लाल पडदा होऊ देतो. किंवा उलट, कॅमेरा बाजूला नेऊन दांडा आडवा धरायचा, म्हणजे तो पूर्ण लांबी स्पष्ट येतो, कारण फोकसचा पट्टा हा काचेच्या तावदानासारखा आहे, लेन्सला समांतर उभा, जे त्या तावदानाला चिकटलं ते स्पष्ट आणि त्यातून पुढे-मागे गेलं ते धूसर. एवढं एक डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. अगदी जवळून काढायच्या मॅक्रो लेन्सने फूल जेवढं आहे तेवढंच सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी असतो त्यावर, घेतलं तर एफ ८ ला सुद्धा हे तावदान जेमतेम एक मिलिमीटर जाड असतं. श्वास घेतला तरी हलतं. म्हणून मी म्हणतो सुरुवातीला इतकं जवळ जाऊच नका, लांबूनच करा, त्यातच जास्त मजा आहे.

आणि पुढचं धूसर करायला कुणी शिकवतच नाही. सगळे मागचं उडवतात. लेन्सच्या अगदी तोंडाशी एखादं पान, गवताची काडी, दुसरं फूल येऊ द्या, इतकं जवळ की त्याचा आकारच राहणार नाही, नुसता रंगाचा पातळ पडदा होईल, आणि त्यातून पलीकडच्या फुलावर फोकस धरा. दाराच्या पडद्याआडून बघितल्यासारखं फूल दिसतं. माझ्या फोटोत खाली जो फिकट गुलाबी पट्टा होता तो असाच एका पुढच्या तेरड्याचा होता. तोही कापला गेला, असो.

आता रंग. ह्यावर मात्र मला जास्त राग आहे.

मऊ रंग म्हणजे फिका रंग नव्हे, आणि तो नंतर कॉम्प्युटरवर बनवायचाही नव्हे, तो उजेडात असतो. पावसाळ्यात ढगाळ आभाळ म्हणजे आख्ख्या जगावर एक मोठा पांढरा कपडा ताणलेला, सगळीकडून सारखा उजेड येतो, पाकळीच्या आतली शीर दिसते, गुलाबीतले चार-पाच गुलाबी वेगळे दिसतात. तेच बारा वाजताच्या उन्हात काढा, उजेडाचा भाग पांढरा फटक आणि सावली काळी, मधलं सगळं गायब. ऊनच असेल तर मी काय करतो, वडिलांचं जुनं धोतर आहे मलमलीसारखं झिजलेलं, त्याचा तुकडा बायको फुलावर धरते. बाजारात डिफ्यूझर मिळतो, पण धोतर फुकट आहे. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरला की उजेड परत फुलावर पडतो, हे लग्नातल्या लायटिंगवाल्याकडून शिकलो.

लाल आणि गुलाबी फुलांची आणखी एक भानगड आहे, ती मोबाईलवाल्यांना पण माहीत असावी म्हणून सांगतो. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे समजा. जास्वंद किंवा गुलमोहर काढताना लाल कप्पा भरून वाहून जातो आणि बाकी दोन अर्धे रिकामे, त्यामुळे कॅमेऱ्याच्या उजेड दाखवणाऱ्या साध्या ग्राफमध्ये सगळं ठीक दिसतं पण पाकळीचा सपाट लाल डाग झालेला असतो, शिरा नाहीत, सुरकुत्या नाहीत, प्लास्टिकचं फूल. उपाय सोपा आहे, एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, थोडं कमी ठेवा, उणे अर्धा ते पाऊण. मोबाईलमध्ये फुलावर बोट टेकवलं की सूर्याचं चिन्ह येतं ते जरा खाली ओढा. मोगरा, तगर, अनंत असल्या पांढऱ्या फुलांना मात्र उलटं, चौकट पांढऱ्याने भरली की कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो आणि मोगरा मळका येतो, तिथे थोडं वाढवायचं.

तर आधीच काठोकाठ भरलेल्या त्या लाल कप्प्यात तुम्ही वरून आणखी रंग ओतला तर काय होणार? तेच झालं रविवारी. माझ्या पाकळीत जो उतरता रंग होता, कडेला जवळजवळ पांढरा आणि आत जाताना गुलाबी, तो एकसाथ एकाच रंगाचा पत्रा झाला.

मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. न्यूजप्रिंटवर मऊ रंग मातकट येतात म्हणून चढवावे लागतात. माझा एक जुना मित्र ऑफसेट छपाईवर होता आयुष्यभर, त्याच्याकडे बसून मी हे सगळं समजून घेतलंय. छापलेला फोटो बारीक ठिपक्यांचाच बनतो, चकचकीत मासिकात इंचाला दीडशेच्या वर ठिपक्यांच्या ओळी असतात, पेपरात ८५ ते १००, म्हणजे बारीक उतार आधीच जाडाभरडा होतो. शिवाय कागद शाई पितो, टिपकागदासारखा, ५० टक्क्यांचा ठिपका छापून येईपर्यंत फुगून ७५ च्या आसपास दिसतो. कागद स्वतः पण पांढरा नसतो, राखाडी. सगळं मान्य! पण मग साहेब ठिपका फुगणार हे माहीत असताना आधीच रंग वाढवायचा की कमी करायचा? मित्र म्हणतो मधल्या छटा हलक्या करून द्यायच्या, म्हणजे फुगल्यावर त्या जागेवर येतात. रंग वाढवला की गुलाबी शाई शंभराला जाऊन भिडते आणि तिथून पुढे जायला जागाच नसते. दिवाळी अंकात फिक्या रंगाची चित्रं किती सुंदर छापून येतात, तिथे कागद बरा असतो हे खरं, पण कुणीतरी डोळ्याने बघून सोडलेलं असतं हेही खरं.

रंगाच्या ह्या हव्यासाला एकटा पेपर जबाबदार नाही म्हणा. रोलच्या काळात पण होतंच. १९९० ला फुजीचा व्हेल्व्हिया रोल आला आणि जो तो त्याच्या हिरव्या-लालाच्या प्रेमात पडला, मी पण पडलो होतो, घाटातला पावसाळा असा यायचा की बघणारा म्हणायचा हे स्वित्झर्लंड का. आता प्रत्येक मोबाईल तेच करतोय, न विचारता. सोनकीचं पिवळं हळदीसारखं असतं, थोडं लिंबाकडे झुकलेलं, ते मोबाईलात झेंडू होऊन येतं.

आणि ह्याच्या उलट टोकाला बघा, रंगीत फोटो सुरू झाला तोच मुळी मऊ रंगाने. ल्युमिएर बंधू, ज्यांचा सिनेमा १८९६ साली मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला गेला, त्यांनीच १९०७ मध्ये ऑटोक्रोम नावाच्या रंगीत काचा बाजारात आणल्या. आणि त्यात काय होतं तर बटाट्याचं पीठ! पिठाचे बारीक कण तीन रंगांत बुडवायचे, केशरी-लाल, हिरवा आणि निळा-जांभळा, ते एकत्र करून काचेवर पसरायचे, मधल्या फटी काजळीने भरायच्या आणि त्यावर फोटोचं रसायन. त्या काचांवरची फुलं नेटवर शोधून बघा एकदा, रंग असे येतात जसे पहाटे दिवा न लावता बागेत बघावं. मला ते बघितल्यापासून मोबाईलचा 'व्हिव्हिड' मोड बघवत नाही.

मोबाईलवरच आलोय तर तुमच्या पानाला फोटो पाठवणारे बहुतेक जण मोबाईलवालेच असणार, त्यांच्यासाठी दोन शब्द. पोर्ट्रेट मोडने फुलाचं मागचं उडवू नका. तिथे मशीन अंदाजाने कापून धूसर करतं, माणसाच्या डोक्याचा अंदाज त्याला येतो पण प्राजक्ताच्या सहा-सात पाकळ्यांच्या मधल्या फटींचा येत नाही, गुलबक्षीचे लांब केसर तर अर्धे खाऊनच टाकतं. मॅक्रो मोड सुद्धा बऱ्याच फोनमध्ये ती सगळ्यात रुंद लेन्स वापरतो, त्यात फूल मोठं येतं पण मागचं अंगण, बादली, दोरीवरचे कपडे सगळं येतं. त्यापेक्षा साधा कॅमेरा ठेवा, फोकस धरेल तेवढंच जवळ जा, आणि फुलाच्या मागचं जे काही आहे ते जितकं लांब असेल तितकं बरं अशी जागा बघा. कुंडी भिंतीला टेकलेली असेल तर दोन हात पुढे ओढा. एवढ्याने खरं धूसर मिळतं, बनवलेलं नाही. मागे कसला रंग येतोय तो बघा, पांढऱ्या तगरीमागे काळपट हिरवी सावली, निळ्या गोकर्णीमागे वाळक्या गवताचा रंग. मी कधीकधी बायकोची फिक्या रंगाची साडी मागे चार-पाच फुटांवर दोरीवर वाळत घालायला लावतो, तिला वाटतं मी घरकामात मदत करतोय.

आणि ते स्प्रे बाटलीने थेंब मारणं, त्यात ग्लिसरीन घालणं वगैरे मला पटत नाही, ज्याचं त्याने बघावं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, तो कासचा. फोटोखाली तुम्ही कास लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त खुपलं. २०१२ ला पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यात महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. तेव्हापासून सप्टेंबर आला की आमच्या रस्त्यावर रविवारी गाड्यांची रांग. लोकांनी यावं, फुलं बघावीत, आजूबाजूच्या गावांना दोन पैसे मिळतात, त्याला माझी ना नाही. पण तिथे येणारा निम्मा माणूस कुठूनतरी फोटो बघून आलेला असतो, आणि त्याच्या डोक्यात असतं की फूल एवढं मोठं, एवढं भडक आलंय म्हणजे काढणारा फुलांच्या मधे जाऊन झोपला असणार. मग तोही दोरी ओलांडतो. मी डोळ्यांनी बघितलंय, एक बाप पोरीला तेरड्याच्या मधोमध बसवून फोटो काढत होता आणि पठार राखणाऱ्या समितीचा माणूस शिट्टी वाजवून वाजवून थकला.

पठार म्हणजे जांभ्या दगडाचा कातळ आहे, वर मातीचा थर कुठे वीतभर तर कुठे बोटभर, काही फुलं तर नुसत्या ओल्या दगडावर उगवतात. सीतेची आसवं बघितली असतील, निळी-जांभळी, नखाएवढी, ती पाण्यातले बारीक किडे खाऊन जगते कारण त्या मातीत खायला काही नाहीच. तिथे एक बूट पडला की ती माती दाबली जाते, पाणी साचायची जागा बदलते. एका फोटोसाठी वीस-पंचवीस रोपं जातात आणि ज्याने तुडवली त्याला पत्ताही नसतो, कारण तो वरच्या मोठ्या फुलाकडे बघत असतो.

आणि गंमत अशी की आत जाऊन फोटो वाईट येतो! हे मला ओरडून सांगावंसं वाटतं तिथे उभं राहून. आत गेलात तर जवळचं चार फुलांचं झुडूप दिसतं आणि मधे तुमच्याच पायाने झालेली वाट. पायवाटेवर उभं राहा, तिथेच उकिडवे बसा म्हणजे कॅमेरा फुलांच्या उंचीला येईल, लांबची लेन्स लावा किंवा मोबाईलचा झूम दोन-तीन पट घ्या, आणि पुढच्या फुलांच्या वरून पलीकडच्या एका फुलावर फोकस धरा. पुढची फुलं धूसर, मागची धूसर, मधे एक गेंदाचं पांढरं फूल स्पष्ट. सगळं पठार त्या फोटोत येतं, रंग बनून येतं. ज्याला गालिचा म्हणतात तो असा दिसतो, आणि त्याला एक पाऊल पण आत टाकावं लागत नाही. म्हणजे जी गोष्ट तुमच्या डेस्कने वाया गेलेली जागा म्हणून कापली तीच फूल वाचवते साहेब, कारण मोकळं धूसर पाहिजे असेल तर लांब थांबावंच लागतं.

सगळं सिलेक्टिव्हच काढा असं माझं म्हणणं नाही हे आधीच सांगितलं. वनस्पतीशास्त्राचे एक सर माझ्याकडे प्रिंट काढायला येतात, ते माझे फोटो बघून वैतागतात, म्हणतात ह्यात पान कुठेय, देठ कुठेय, ओळखायचं कसं. त्यांचं बरोबर आहे. त्यांना एफ ११, १६ लावून फूल, पान, खोड सगळं स्पष्ट पाहिजे, मऊ बिऊ काही नको, आणि रंग जसाच्या तसा, कारण रंगावरून सुद्धा ओळख पटते. बघा म्हणजे भडक रंग त्यांनाही नकोय आणि मलाही नकोय. मग तो नेमका कुणाला पाहिजे?

मागणं तीनच आहेत. वाचकाचा फोटो कापायचा असेल तर फोन करून विचारा, नंबर आम्ही दिलेला असतो. रंग वाढवू नका, मित्र म्हणतो तसं मधल्या छटा हलक्या करून बघा एकदा तरी. आणि रानफुलाच्या फोटोखाली नक्की ठिकाण माहीत नसेल तर नुसतं 'सातारा परिसर' लिहा, किंवा काहीच लिहू नका, फुलाला चालतं. शक्य झालं तर फोटो मागवताना एक ओळ टाका की वाटेवरून, काही न तुडवता काढलेलेच फोटो घेऊ. ती ओळ वाचून निदान चार जण तरी आत शिरायच्या आधी विचार करतील.

सोबत मूळ फाइल परत जोडतोय. परत छापाच असा हट्ट नाही, पण डेस्कवरच्या त्या मुलाला किंवा मुलीला कॉम्प्युटरवर पूर्ण उघडून दाखवा. डावीकडच्या मोकळ्या जागेत, वरच्या बाजूला, त्या गुलाबी धुरात एक काळसर डाग आहे. तो डाग नाही, मधमाशी आहे, फुलाकडे निघालेली. फोकसमध्ये नव्हती म्हणून तशी दिसते. मलाही ती घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितल्यावर कळली.

आपला,
एक स्टुडिओवाला, सातारा